सोसणे आणि स्वीकारणे : नैराश्यावरील उपचारवाटांचा आढावा

कृष्णाकाठच्या ऊस-द्राक्षांच्या टापूत, म्हणजे कुंडल, पलूस, तासगाव, विटा या परिसरात, ‘नैराश्य’ हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. त्या अवस्थेतून जाणारा माणूस अंगात त्राण नाही, जेवण गोड लागत नाही, पहाटे तीनलाच झोप उडते, कशात जीव लागत नाही, अशा तक्रारी घेऊन दवाखान्याची पायरी चढतो आणि बहुतेक वेळा सलाईन, शक्तीचे इंजेक्शन किंवा टॉनिकची बाटली घेऊन परततो. या तक्रारी खोट्या नसतात आणि त्या मूळ दुःखावरचे पांघरूणही नसतात. थकवा, भूक मंदावणे आणि झोप मोडणे ही या आजाराची स्वतःचीच लक्षणे आहेत. फक्त त्यांच्या जोडीला असलेले रितेपण, अपराधीपणाची भावना आणि ‘आपण नसलो तर बरे’ हा विचार कोणी विचारल्याखेरीज ओठांवर येत नाही, आणि विचारणारे थोडे असतात.

वैद्यकाच्या व्याख्येनुसार मन सतत उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी किमान एक लक्षण, आणि त्यासह झोप, भूक, थकवा, हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता, एकाग्रता, अपराधीपणा व मृत्यूचे विचार यांपैकी इतर काही, अशी एकूण नऊपैकी निदान पाच लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली आणि त्यामुळे कामधंदा व नातीगोती विस्कळीत झाली, की त्या अवस्थेला नैराश्याचा आजार म्हणतात. दोन आठवड्यांची ही अट महत्त्वाची आहे, कारण दुःख आणि आजार यांच्यातील सीमा काही प्रमाणात तीच आखते. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून निदानापूर्वी साध्या रक्ततपासण्या करून घेणे शहाणपणाचे ठरते.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे पाच टक्क्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झालेला असतो आणि पाहणीच्या वेळी तो असलेल्यांपैकी दर शंभरांतले जवळजवळ पंच्याऐंशी जण उपचारांवाचून असतात. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, ही बाब मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. या राज्याचे चित्र शेजारच्या राज्यांवरून ताडावे लागते.

उपचारवाटांचा विचार करताना चरकसंहितेतील एक जुने वर्गीकरण आजही उपयोगी पडते. तेथे औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत : मंत्र, व्रत, देवपूजा यांवर आधारलेला दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधी द्रव्ये यांची योजना करणारा युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणारा सत्त्वावजय. त्याच ग्रंथात विषादाची गणना वातविकारांत केलेली आहे आणि रोग वाढवणाऱ्या गोष्टींत त्याला अग्रस्थान दिलेले आहे. आजचे उपचार त्या ग्रंथातून निघाले, असा दावा येथे नाही. श्रद्धा, औषध आणि मनाची मशागत या तिन्ही वाटा या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत आणि त्या एकमेकींच्या वैरिणी म्हणून सांगितलेल्या नाहीत, एवढेच यातून घ्यायचे.

पहिल्या वाटेचे या भागातील स्थान मोठे आहे. पलूस तालुक्यातच कृष्णेच्या काठी औदुंबरचे दत्तस्थान आहे, खाली शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी आहे, आणि ‘बाहेरचे काही’ असल्याची शंका आली की कुटुंबाची पावले तिकडे किंवा देवऋषाकडे वळतात. देवळाच्या ओवरीत बसल्याने, नामस्मरणाने किंवा वारीच्या सोबतीने एकाकी माणसाला आधार मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. नैराश्यात तुटलेला माणूस पुन्हा चार माणसांत येणे हे स्वतःच उपचाराचे अंग आहे. हानी सुरू होते ती आजाऱ्याला बाधित ठरवून मारहाण, उपास किंवा साखळदंड यांच्या हवाली केले जाते आणि औषध बंद करायला लावले जाते तेव्हा. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत सापडून मृत्युमुखी पडले, तेव्हा हे भीषण वास्तव देशाने पाहिले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झाला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरली. श्रद्धेला त्याने हात लावलेला नाही, अत्याचाराला लावला आहे.

यापेक्षा अवघड प्रश्न स्वीकाराचा आहे. वारकरी संतांची शिकवण, समर्थांचे मनाला उद्देशून असलेले श्लोक, घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोल, या सर्वांतून आले ते समाधानाने घ्यावे असा संस्कार या प्रदेशातील माणसावर लहानपणापासून होतो. हा संस्कार हानीच्या क्षणी माणसाला उभे ठेवतो, हे खरे आहे. पण त्याच शब्दाच्या आडून दुसरी एक गोष्ट घरात शिरते आणि ती म्हणजे सोसणे. बाईने सोसावे, गड्याने डोळ्यांत पाणी आणू नये, घरातले घरात ठेवावे, ही शिकवण स्वीकाराची नाही. ती गप्प बसण्याची आहे. गोव्यात बाळंतिणींचा जो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण व मुलगा हवा असताना मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला. अशा बाईला ‘स्वीकार कर’ असे सांगणे म्हणजे तिला तिच्या छळाशी जुळवून घ्यायला सांगणे होय. त्यामुळे कोणत्याही उपचारपद्धतीतील ‘स्वीकार’ समजून घेताना पहिला प्रश्न हा असायला हवा की नेमके काय स्वीकारायचे : दुःखाची जाणीव, आजाराचे अस्तित्व, की दुःख देणारी परिस्थिती?

आधुनिक मानसोपचारातील स्वीकार हा पहिल्या दोहोंचा आहे. जपानमधील शोमा मोरिता यांनी १९१९ च्या सुमारास जी पद्धती बांधली, तिचा गाभा असा की मनात उठणाऱ्या भावना हवामानासारख्या असतात, त्यांना हुकूम करता येत नाही. त्या आहेत तशा असू द्याव्यात आणि हातातले काम करीत राहावे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी वाचकांपर्यंत प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे पोहोचली. या पद्धतीप्रमाणे घटना आणि भावना यांच्या मध्ये माणसाचा समज उभा असतो. ‘मला अपयश आले’ या वाक्यातून ‘मी नालायक आहे’ हे वाक्य काढण्याची घाई तो समज करतो, आणि स्वतःचा विनाअट स्वीकार म्हणजे हे दुसरे वाक्य नाकारणे. येथे स्वीकार ही निष्क्रियता राहत नाही, ती स्वतःविरुद्ध चाललेल्या खटल्यातून माघार ठरते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही हा विचार मराठी कुटुंबांच्या रोजच्या भाषेत आणला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पातंजल योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती मनोरुग्णांवर योजून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सजगतेचे उपचार पाश्चात्त्य देशांत रूढ होण्यापूर्वीचे हे काम आहे आणि त्याची आठवण मराठी लेखनात क्वचितच होते, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे. पुढे ध्यानातील सजगता आणि विचारांचे परीक्षण यांची सांगड घालून जी आठ आठवड्यांची पद्धती इंग्लंड-कॅनडात तयार झाली, तिचा हेतू बरे झालेल्या माणसाचा आजार उलटू नये हा होता. उदास विचार आला तर तो विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखायला ती शिकवते. स्वीकार आणि औषध यांची समोरासमोर तुलना झाली ती याच पद्धतीच्या बाबतीत : इंग्लंडमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सजगतेचे प्रशिक्षण घेऊन औषध कमी करत नेणाऱ्या गटात दोन वर्षांत ४४ टक्के जणांचा आजार उलटला, तर औषध चालू ठेवणाऱ्या गटात ४७ टक्के जणांचा. म्हणजे कोणतीच वाट दुसरीवर मात करू शकली नाही. मात्र ही माणसे वारंवार आजारी पडून त्या वेळी सावरलेली होती. ऐन आजारात, अंथरुणातून उठवत नसताना, डोळे मिटून मनाकडे पाहत बसणे काहींना अधिक जाचक ठरू शकते, आणि तीव्र नैराश्यात केवळ ध्यानशिबिरावर विसंबणे धोक्याचे आहे.

औषधांचा इतिहास सांगली-मिरजेच्या माणसाला जवळचा वाटावा असा आहे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालत असे आणि क्षयाच्या गोळ्यांचा लांबलचक कोर्स या भागातल्या अनेक घरांना परिचित आहे. नैराश्यावरचे पहिले औषध क्षयाच्याच औषधांतून निघाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड दिलेले रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले, त्यांची भूक वाढली, आणि त्यावरून या द्रव्याचा मनावरील परिणाम ध्यानात आला. ते यकृताला बाधक म्हणून मागे पडले, पण १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण दाखवून दिला आणि डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाल्यावर सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्यावर काम करणाऱ्या, तुलनेने सुरक्षित औषधांचे युग सुरू झाले. आज लिहून दिली जाणारी सरट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधे त्याच कुळातली आहेत.

ती किती गुणकारी आहेत, याचे उत्तर अतिशयोक्ती टाळून द्यायला हवे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, सर्व औषधे औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. सरासरी हा शब्द फसवा आहे, कारण तिच्यात पूर्ण उभारी आलेला माणूसही असतो आणि काहीच फरक न पडलेलाही. पहिल्या औषधाने न सावरलेल्याला दुसरे लागू पडू शकते, म्हणून एका अपयशावरून वाट सोडू नये. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिन कमी होणे, ही सोपी समजूत मात्र आता टिकत नाही. २०२२ मधील एका मोठ्या आढाव्यात तिला सुसंगत पुरावा आढळला नाही. त्यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. ताप कशाने आला हे कळण्यापूर्वीही पॅरासिटामॉलने तो उतरतो. औषध लागू पडते की नाही, हे चाचणी ठरवते, त्यामागची कथा नव्हे.

गोव्याचा अनुभव येथे विशेष बोलका आहे. तेथील जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेल्या ४५० जणांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन महिन्यांनंतर फ्लुओक्सेटिन औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरले, तर त्या वेळी योजलेला मानसोपचार ठरला नाही. संशोधकांनी त्यावरून मानसोपचार टाकून दिला नाही. तो कसा असावा, कोणी द्यावा, याचा शोध पुढे अनेक वर्षे चालू ठेवला, आणि त्या शोधाचे फळ खाली येईलच.

औषध घेणाऱ्याला ज्या गोष्टी आधी सांगायला हव्यात, त्या घाईच्या ओपीडीत सांगितल्या जात नाहीत आणि कोर्स मध्येच सुटण्याचे ते मोठे कारण असते. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोके दुखणे, अस्वस्थता हे त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू होतात आणि बहुतेकांचे ओसरतात. कामेच्छा मंदावणे हा त्रास मात्र टिकू शकतो आणि लाजेपोटी तो कोणी बोलत नाही. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते, जसा क्षयाचा कोर्स खोकला थांबला म्हणून बंद करत नाहीत. ‘सवय लागेल’ ही भीती बहुधा झोपेच्या गोळ्यांवरून आलेली असते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचे व्यसन लागते हे खरे आहे. नैराश्यावरील गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, पण त्या एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड असे त्रास होतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्मघाताचे विचार वाढू शकतात, त्यामुळे घरच्यांनी त्या आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे. आणि ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना धावपळीचे, वारेमाप खर्चाचे झटके येऊन गेले असतील त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तो द्विध्रुवीय आजार असू शकतो आणि त्यात केवळ ही गोळी देणे उलटू शकते. अन्नपाणी सोडलेल्या किंवा जिवाला तातडीचा धोका असलेल्या रुग्णाला विद्युत उपचार आजही जीवदान देतात. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ते करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे.

आणखी एक वाट कृतीची, आणि तिच्या बाबतीत कुंडलला स्वतःचा वारसा आहे. हे गाव औंध संस्थानात होते आणि त्या संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आयुष्याचे कार्य मानून तो शाळांत रुजवला. त्यांचा रोख निरोगी शरीरावर होता. पण व्यायामाचा नैराश्यावरील परिणाम आता स्वतंत्रपणे तपासला गेला आहे, आणि २०२४ मध्ये २१८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात चालणे, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा स्पष्ट उपयोग दिसून आला. अडचण अशी की ज्याला उठवतच नाही त्याला ‘व्यायाम कर’ सांगणे हा सल्ला ठरतो, उपचार नव्हे. ही अडचण सोडवणारी पद्धती गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने उभी केली. तिचे सूत्र असे की नैराश्यात माणूस मन लागण्याची वाट पाहत काम टाळतो आणि काम टाळल्याने मन आणखी बुडते. म्हणून मन लागण्याआधीच काम सुरू करायचे, पण ते अगदी छोटे, ठरलेल्या वेळचे आणि एकेकाळी आवडीचे असावे : गोठ्यापर्यंत जाणे, बहिणीला फोन करणे, पारावर दहा मिनिटे बसणे. हे काम मानसोपचारतज्ज्ञांनी केले नाही. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींत ते केले, आणि तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरील चाचणीत तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के जण आजारातून बाहेर आले, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील ३९ टक्के.

समाजाच्या पातळीवरील कामांत विदर्भातील ‘विश्राम’ उपक्रमाचा उल्लेख अटळ आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी केल्यावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच विश्वासू माणसांना ऐकून घेण्याचे आणि सरकारी योजनांपर्यंत हात धरून नेण्याचे शिक्षण दिले. यांतील दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. पलूस तालुक्याने २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळची नाव उलटलेली पाहिली आहे, द्राक्षबागा अवकाळीत गेलेल्या पाहिल्या आहेत. कर्जाच्या नोटिशीवर गोळी चालत नाही आणि बुडालेल्या घरावर ध्यान चालत नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळणे हाही नैराश्याचा प्रतिबंध आहे, आणि तो डॉक्टरांच्या हातात नाही.

हे सारे एकत्र ठेवले की ‘स्वीकार की औषध’ हा वादच चुकीच्या पायावर उभा असल्याचे दिसते. आजार झाला आहे हे मान्य केल्याशिवाय कोणी औषध घेत नाही, आणि औषधाने झोप व भूक थोडी सावरल्याशिवाय मनाशी बोलण्याचे बळ अनेकांना येत नाही. सौम्य नैराश्यात कृती आणि बोलणे यांनी आरंभ करावा. तीव्र नैराश्यात औषधाला उशीर करू नये. वारंवार उलटणाऱ्या आजारात सजगतेचा अभ्यास जोडावा. आणि परिस्थितीच छळत असेल तर ती बदलण्यासाठी माणसे उभी करावीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाने, ज्याला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले, नैराश्यातील तरुणाला प्रश्न न विचारता आसरा देणारे घर दाखवले. ते घर सोसायला सांगत नाही, आणि बरे होण्याची घाईही करत नाही.

व्यवस्था अपुरी आहे, तरी काहीच नाही असेही नाही. कुंडलच्या माणसाला मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय आवाक्यात आहे, आणि नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयात भरती व्हावे लागत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने तिला घरात लपवू नये, लगेच रुग्णालयात न्यावे. दवाखाना दूर असेल किंवा कोणाला सांगावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतून उपलब्ध आहे.